भावाला एनआयटी वारंगलला सीट लागेल असं दिसतंय, पैशाची जुळवाजुळव कशी करायची?

कपाशीघर

नमस्कार मंडळी. आम्ही केळापूर तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू वावर, कपाशी आणि तूर. हंगामात आई-बाबा मजुरीलाही जातात. धाकट्या भावाचा जेईई मेनचा निकाल आला. जोसाच्या (आयआयटी-एनआयटीच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीचे आकडे लावून पाहिले तर ओबीसीतून तेलंगणातल्या एनआयटी वारंगलला, म्हणजे केंद्राच्या इंजिनीअरिंग संस्थेत, मेकॅनिकल, नाही तर सिव्हिल लागेल असं वाटतं. त्याला तिथेच जायचं आहे. बाबांनी सव्वा लाखाची फी ऐकली आणि "आपल्याच्यानं नाही होत बाप्पा" म्हणून विषयच मिटवला.

मला नीट हिशेब करून त्यांच्यापुढे ठेवायचा आहे. अडचणी अशा: उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षी ९६ हजारांचा होता, यंदा तलाठी १ लाख २० हजार म्हणतात. नॉन-क्रिमिलेअर आहे, पण दोन वर्षांपूर्वीचं. बाबांचं पीककर्ज ३१ मार्चपर्यंत भरणं झालं नाही. रोख म्हणाल तर तूर विकून आलेले ४५ हजार. राज्याबाहेर गेलं की महाडीबीटीचं (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचं) सगळं बंद होतं असं ऐकलं, खरं का? जोसाची नोंदणी जूनमध्ये सुरू होईल, तोवर काय काय करून ठेवू?

शिष्यवृत्ती_खिडकी

ताई, आधी फीचं बघू. एनआयटीचं शिक्षण शुल्क २०१६ पासून वर्षाला १ लाख २५ हजार आहे, पण ते सगळ्यांना सारखं लागत नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ. १ ते ५ लाखांत असेल तर दोन तृतीयांश माफ. एससी, एसटी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना उत्पन्न न पाहता पूर्ण माफ. म्हणजे तुमचा दाखला १ लाख २० हजारांचा निघाला तरी भरायचे ते वर्षाला ४१,६६७ रुपये, सत्राला २०,८३३. बाबांपुढे हा आकडा ठेवा. माफी फक्त शिक्षण शुल्काला असते. परीक्षा, नोंदणी, ग्रंथालय असली किरकोळ फी, होस्टेल आणि मेस पूर्ण भरावं लागतं.

आता दाखला. ९६ हजार आणि १ लाख २० हजार यांतल्या फरकाची किंमत चार वर्षांत १ लाख ६६ हजारांवर जाते, तेव्हा तलाठी कार्यालयात बसून आकडा कसा काढला हे विचारायलाच पाहिजे. सातबारा आणि ८-अ सोबत न्या. खातं सामाईक असेल, सातबाऱ्यावर काकांची-आत्यांची नावं अजून असतील, तर पुष्कळदा सगळ्या क्षेत्राचं उत्पन्न बाबांच्याच नावावर धरलेलं असतं. बाबांचा हिस्सा किती ते अर्जात लिहा, तलाठी अहवालात तसं येऊ द्या, मग तहसीलमधून दाखला निघतो. तसं काही नसेल आणि १ लाख २० हजार हाच खरा आकडा असेल तर तोच घ्या. दाबून लिहिलेला आकडा पुढे त्रास देतो: बऱ्याच संस्था माफीसाठी दरवर्षी नवा दाखला मागतात, आणि बँकेला दिलेल्या कागदाशी तो जुळला नाही की शंका सुरू होतात.

खरा धोका मात्र मला तुमच्या नॉन-क्रिमिलेअरमध्ये दिसतो. तुमच्याकडे आहे ते राज्याच्या नमुन्यातलं. जोसाला केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी-एनसीएल लागतं आणि ते त्याच वर्षीच्या १ एप्रिलला किंवा त्यानंतर काढलेलं हवं. राज्याचं तीन वर्षं चालतं म्हणून लोक निर्धास्त राहतात, कागद तपासणीत ते नाकारलं जातं आणि मुलगा खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. त्या रँकवर मग वारंगल लागत नाही. सेतूत "केंद्राचं ओबीसी-एनसीएल" असं स्पष्ट सांगा, नाहीतर राज्याचंच पुन्हा हातात पडतं. जात केंद्राच्या यादीत असावी लागते; कुणबी आहे. मुलाचं आणि वडिलांचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेत आहे त्याच स्पेलिंगने येतं का ते छापण्याआधी पाहा. अर्ज याच आठवड्यात टाका, जूनमध्ये तहसीलला दाखल्यांची झुंबड असते.

आणखी एक घोळ इथे होतो. नॉन-क्रिमिलेअरसाठी शेतीचं आणि पगाराचं उत्पन्न मोजत नाहीत. फी माफीच्या दाखल्यात मात्र शेती, मजुरी सगळं येतं. दोन कागदांवर दोन वेगळे आकडे दिसले तर घाबरू नका.

महाडीबीटीचं ऐकलंत ते बरंचसं खरं आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, मुलींना २०२४ पासून मिळणारी पूर्ण शुल्कमाफी, हे सगळं महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी आहे. एससीसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती बाहेरच्या राज्यात शिकणाऱ्यालाही केंद्राच्या नियमांप्रमाणे लागू होते, उत्पन्न मर्यादा अडीच लाख. त्यासाठी आपल्या जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात विचारायचं, कॉलेजच्या राज्यात नाही.

तुमच्या भावासाठी बघण्यासारखी आहे ती केंद्राची पीएम-यशस्वी, त्यातली टॉप क्लास कॉलेजची योजना. ओबीसी, उत्पन्न अडीच लाखांच्या आत, यादीतल्या संस्थेत प्रवेश. शिक्षण शुल्काशिवाय राहण्याखाण्याला महिन्याला ३ हजार आणि पुस्तकांना वर्षाला ५ हजार मिळतात. संस्थेला जागा ठरवून दिलेल्या असतात, त्या गुणवत्तेने भरतात; त्यामुळे हिशेबात हे पैसे "आले तर" या रकान्यात ठेवा. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. त्याच पोर्टलवर बारावीच्या गुणांवरची वर्षाला १२ हजारांची केंद्रीय शिष्यवृत्तीही दिसते, पण शुल्कमाफी किंवा दुसरी शिष्यवृत्ती घेणारा तिथे बसत नाही. १२ हजारांसाठी ८३ हजारांची माफी अडचणीत आणू नका.

पोर्टलचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं जोडलं गेलं असं नव्हे. एनपीसीआयकडे (आधारवरून सरकारी पैसे खात्यात वळवणाऱ्या संस्थेकडे) कोणतं खातं नोंदलं आहे ते बँकेत विचारून घ्या. मुलाची दोन खाती असली की पैसे शेवटी नोंदलेल्या खात्यात जातात आणि घरचे दुसरंच पासबुक छापत बसतात.

वर्धाकाठ

वर सगळं बरोबर सांगितलंय. मी फक्त रोख पैशाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते गरीब घरची सीट फीपायी कमी आणि जून-जुलैच्या रोखीपायी जास्त सुटते. माफी आणि कर्ज दोन्ही मिळणार असतं, पण ते येतं ऑगस्टनंतर.

क्रम असा असतो. फेरीत सीट लागली की तीन-चार दिवसांत सीट स्वीकारण्याचं शुल्क ऑनलाइन भरायचं. दरवर्षी आकडा थोडा बदलतो, ओबीसी आणि खुल्यासाठी गेल्या काही वर्षांत ३० ते ४० हजारांच्या दरम्यान राहिला आहे; एससी-एसटीला साधारण निम्मा. शेवटच्या फेरीनंतर एनआयटीवाल्यांना आंशिक प्रवेश शुल्क भरावं लागतं. प्रक्रिया शुल्काचा भाग सोडला तर हे दोन्ही पुढे फीत वळते होतात, वाया जात नाहीत. त्यानंतर संस्थेत हजर होताना होस्टेल, मेसचा पूर्ण सत्राचा आगाऊ आणि अनामत. तारीख चुकली तर सीट रद्द होते, तिथे कोणाची विनवणी चालत नाही.

तुमचे ४५ हजार पहिल्या टप्प्याला पुरतात. पुढच्या दोन टप्प्यांसाठी आणखी ६० ते ७० हजार जुळवून ठेवा, तेही दोन-तीन महिन्यांच्या बोलीवर. मामा, आत्या, बचत गट, ज्यांना ऑक्टोबरपर्यंत परत करता येईल असे. सावकाराकडे जाऊ नका, आणि बियाण्याचे पैसेही यात घालू नका; जूनमध्ये पेरणी आणि जोसा एकाच वेळी येतात हे बाबांशी आत्ताच बोलून घ्या.

खातं जिल्हा मध्यवर्ती बँकेत असेल तर नेट बँकिंग चालतं का ते आधी तपासा. नसेल तर राष्ट्रीयीकृत बँकेत भावाच्या नावाने खातं आत्ताच सुरू करा, एटीएम कार्ड आणि नेट बँकिंग हातात येऊ द्या. सायबर कॅफेवाल्याच्या खात्यातून कधीच भरू नका, परताव्याची वेळ आली की गुंता होतो.

वर्षाचा ढोबळ अंदाज: होस्टेल-मेस ६५ हजार धरा, किरकोळ फी १५, प्रवास-पुस्तकं-साबण-मोबाईल २५. झाले १ लाख ५ हजार. दोन तृतीयांश माफी असल्याने वर शिक्षण शुल्काचे ४१,६६७ धरून १ लाख ४६ हजार ६६७. चार वर्षांचे ५ लाख ८७ हजार. पूर्ण माफी मिळाली तर ४ लाख २० हजार. नेमके आकडे संस्थेच्या चालू वर्षाच्या शुल्कपत्रकातून घ्या, माझे फक्त आखणीसाठी. लॅपटॉप यात नाही, पहिल्या सत्रात संस्थेची संगणक प्रयोगशाळा पुरते.

कपाशीघर

खूप आभार. सातबाऱ्यावर खरंच काकांचं नाव आहे, वाटणी तोंडीच झालेली आहे. हे लक्षातच आलं नव्हतं. उद्याच तलाठ्यांकडे जाते. कर्जाचं कोणी सांगाल का? थकीत पीककर्ज असताना बँक दारात उभी करेल का?

पासबुक

उभी करेल, पण तयारी करून जा.

पहिलं, थकीत आणि एनपीए (बुडीत कर्ज) एक नव्हे. अल्पमुदतीच्या पिकांचं कर्ज मुदतीनंतर दोन हंगाम थकलं की एनपीएत जातं. ३१ मार्चला भरलं नाही म्हणजे व्याजाची सवलत हातची गेली, खातं थकीत दिसायला लागलं, पण अजून बुडीत ठरलं नाही. शैक्षणिक कर्जाचा अर्ज टाकण्याआधी शाखेत जाऊन ते नियमित करून घेता आलं तर उत्तम. तडजोडीने, म्हणजे कमी रकमेत मिटवू नका. सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, "सेटल्ड" असा शेरा राहतो आणि तो सहकर्जदाराला वर्षानुवर्षं नडतो.

नियमित करणं जमत नसेल तर सहकर्जदार आईला करा. तिच्या नावावर कर्ज नसेल तर अडसर कमी होतो. तिचं पॅन कार्ड नसेल तर आज अर्ज करा. आधार, पॅन, भावाची गुणपत्रिका यांत आईचं नाव एकसारखं आहे का पाहा. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर, यात फाईल पंधरा-पंधरा दिवस पडून राहते.

अर्ज पीएम विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना मंजूर केली. निवडक दर्जेदार संस्थांसाठी आहे, केंद्र सरकारच्या संस्था त्यात येतात, म्हणजे एनआयटी बसते. तारण नाही, जामीनदार नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारची ७५ टक्के पतहमी असते, त्यामुळे शाखेतल्या साहेबांनी "शेत गहाण टाका" म्हटलं तर पतहमीची आठवण करून द्या. तुमची गरज सहा लाखांच्या आत आहे. जास्त मंजूर करून घेण्याचा मोह नको. उचल सत्रागणिक होते आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं.

व्याजाचं सांगतो, ते समजून घ्या. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष, एवढ्या काळाचं पूर्ण व्याज केंद्र भरतं. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर तीन टक्के सवलत. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कर्ज मंजुरीच्या वेळीच फाईलला लावा. नंतर देऊ म्हणून ठेवला की दावा राहून जातो आणि व्याज मुद्दलात चढत जातं. राज्याच्या ओबीसी महामंडळाचीही व्याज परतावा योजना आहे, देशातल्या शिक्षणासाठी दहा लाखांपर्यंत, पण एकाच कर्जाच्या व्याजावर दोन सरकारी सवलती चालत नाहीत. तुमच्यासाठी केंद्राची सोपी.

बाबांना हप्ता सांगायचा असेल तर: ४ लाख कर्ज, ९ टक्के व्याज, दहा वर्षं धरली तर महिन्याला ५,०६७ रुपये. तोही नोकरीच्या काळात, भावाच्या पगारातून.

शाखेत नेण्याचे कागद: जोसाचं सीट मिळाल्याचं पत्र, संस्थेचं चार वर्षांचं शुल्कपत्रक होस्टेल-मेससह, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, दोघांचं आधार-पॅन, दाखला, सहा महिन्यांचं पासबुक. आधी खिशातून भरलेल्या शुल्काच्या पावत्या जपा आणि मंजुरीपत्रात त्या रकमेची भरपाई लिहून घ्या. उसनवारीचे ६०-७० हजार त्यातूनच फिटतील.

"तुमचं गाव आमच्या सेवा क्षेत्रात नाही" हे कारण शैक्षणिक कर्जाला चालत नाही. नकार दिला तर कारण लेखी मागा. मग जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवस झाले आणि उत्तर नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ऑनलाइन करता येतं, फुकट आहे.

आर्वी_नाका

एक वेगळा विचार मांडतो, राग मानू नका. फी आणि माफीचे नियम नागपूरच्या व्हीएनआयटीलाही तेच आहेत, ती पण एनआयटीच. एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना, त्यामुळे नागपूरला तुमचा भाऊ गृहराज्याच्या कोट्यात आणि वारंगलला बाहेरच्या. त्याच रँकवर नागपूरला चांगली शाखा लागू शकते. पर्यायांच्या यादीत दोन्ही भरा, मनातल्या क्रमाने. खर्चाच्या भीतीने वारंगल खाली ढकलू नका आणि हट्टापायी नागपूर गाळू नका. सीट लागली आणि वरचं हवं असेल तर "फ्लोट" ठेवा, हातातली सीट जात नाही. राज्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांच्या कॅप प्रवेश फेरीचा अर्जही भरून ठेवा, जोसा संपेपर्यंत तो दरवाजा उघडा असू द्या.

वर्धाकाठ

आर्वीकर भाऊ, मान्य. पण केळापूरला वारंगल तसं लांब नाही. वणीवरून बल्लारशा गाठलं की काझीपेटला, म्हणजे वारंगलच्या शेजारच्या स्टेशनला, थेट गाड्या आहेत. सुट्टीत घरी येताना विद्यार्थी सवलत घ्या: सेकंड आणि स्लीपरला ५० टक्के, एससी-एसटीला ७५ टक्के. संस्थेच्या कार्यालयातून सवलतीचा फॉर्म भरून घ्यायचा आणि तिकीट स्टेशनच्या आरक्षण खिडकीवरच काढायचं, मोबाईलवर ही सवलत मिळत नाही.

पांढरकवडा_कन्या

मध्येच विचारते. माझी बहीण कला शाखेची, सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) मराठीतून दिली, दिल्लीला बी.ए. करायचं म्हणते. तिलाही हे सगळं लागू का?

शिष्यवृत्ती_खिडकी

नाही ताई, तिचं गणित उलटं आहे. केंद्रीय विद्यापीठांत बी.ए.ची फी कमी असते, मारतो तो राहण्याचा खर्च. दिल्ली विद्यापीठाच्या बऱ्याच कॉलेजांना होस्टेल नाही किंवा जागा मोजक्या आहेत. बाहेर पेइंग गेस्ट म्हणून राहिली तर भाडं-जेवण फीच्या कितीतरी पट होतं. म्हणून कॉलेजांचा क्रम लावताना आधी होस्टेल आहे का ते बघा. बी.ए. व्यावसायिक अभ्यासक्रमात मोडत नाही, म्हणून पूर्ण व्याजमाफीही तिला धरू नका. मात्र बारावीत बोर्डात ८० पर्सेंटाइलच्या वर असेल, उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि दुसरी कुठली शिष्यवृत्ती किंवा शुल्कमाफी घेणार नसेल, तर वर सांगितलेली १२ हजारांची शिष्यवृत्ती तिने जरूर भरावी.

आणि दोघींनाही सांगतो: निकालानंतर तालुक्याच्या ठिकाणी बाहेरच्या राज्यातल्या खासगी विद्यापीठांचे एजंट फिरतात. "पन्नास टक्के स्कॉलरशिप" म्हणून आधीच फुगवलेल्या फीतून सूट दाखवतात आणि मूळ गुणपत्रिका ठेवून घेतात. मूळ कागद अडकवून ठेवायला यूजीसीची मनाई आहे, २०१८ ची तशी अधिसूचना आहे. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला पीएम विद्यालक्ष्मी लागत नाही, हे ते सांगत नाहीत.

कपाशीघर

केंद्राच्या ओबीसीचा अर्ज सेतूत टाकला, पावती मिळाली. तलाठी म्हणाले, काकांचं संमतीपत्र आणा, हिश्श्याप्रमाणे अहवाल देतो. आईचं पॅन नाही, त्याचाही अर्ज केला. तहसीलचा दाखला मराठीत येतो, तो वारंगलला चालेल का?

शिष्यवृत्ती_खिडकी

इंग्रजी भाषांतर करून नोटरी करून घ्या आणि मूळ दाखल्यासोबत लावा. दोन प्रती काढा, एक बँकेच्या फाईलला लागेल. हजर होण्याच्या दिवशी माफीचा अर्ज आणि दाखला दिला नाही तर पूर्ण फीची मागणी निघू शकते आणि परतावा पुढच्या सत्रात वळता होतो, म्हणून तो कागद पेटीत न ठेवता हाताशी ठेवायला सांगा.